पडवीतला लेथ आणि आजऱ्याचा पाऊस

आमच्या घरी लेथ आहे असे कळले की पाहुणे पहिल्यांदा विचारतात, "कसला धंदा काढलाय?" धंदा नाही म्हटले की ते अम्मीकडे बघतात आणि अम्मी चहा टाकायला उठते. चार वर्षे झाली, हे असेच चालू आहे.

अब्बा तीस वर्षे गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्त होऊन आजऱ्याला परतले तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्यांनी एक तीन फुटी जुना लेथ विकत घेतला. तो टेम्पोतून संकेश्वर-गडहिंग्लज मार्गे घरी आला आणि पडवीत, जिथे घनसाळ भाताची पोती असायची, तिथे बसला. पोती माजघरात गेली. अम्मीची त्यावरची नाराजी अजून पुरती गेलेली नाही. अब्बांना एक वाफेचे इंजिन करायचे होते. तळहातावर मावेल एवढे, पण खरोखर फिरणारे. तीस वर्षे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून एकाच मापाचे नग काढले, पण एक वस्तू पहिल्या कापापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत आपली म्हणून कधी केली नाही, असे ते एकदाच बोलून गेले. आम्ही भावंडे तेव्हापासून त्यांच्या हाताखाली आहोत.

असा छंद जगात नवा नाही. लंडनमध्ये 'मॉडेल इंजिनिअर' नावाचे मासिक १८९८ साली सुरू झाले. पुण्यात भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि बनवलेल्या छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली कोथरूडला सुरू झाले. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे. आपल्या भागात तर यंत्राचे वेड जुनेच. बेळगाव आम्हाला जवळ, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले ते तिथेच. कोल्हापुरात म्हादबा मेस्त्रींचे नाव जुने कारागीर आजही आदराने घेतात. पण ही मोठी नावे सांगून पडवीतला लेथ चालत नाही. त्याची दुखणी वेगळी.

पहिले दुखणे पाऊस. आजऱ्यात मिरग लागला की चार महिने भिंतींना ओल असते, कपडे वाळत नाहीत आणि लोखंडाला एका रात्रीत तांबूस डाग पडतात. पहिल्या वर्षी आम्ही लेथवर प्लास्टिक घालून निर्धास्त झोपलो. आठ दिवसांनी काढले तर बेडवर बोटांचे ठसे गंजाने उमटलेले. कोणाचे बोट कुठे लागले ते ओळखता येत होते! प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि थंड लोखंडावर तिचे पाणी होते. आता काम संपले की बुरा ब्रशने झाडतो, बेड कोरड्या फडक्याने पुसतो, जाडसर तेलाचा हात देतो आणि वर तेलात भिजवलेली जुनी सुती चादर टाकतो. नुसते रॉकेल लावून भागत नाही, ते उडून जाते. टॅप, ड्रिल, मायक्रोमीटर असे नाजूक सामान एका लाकडी पेटीत ठेवतो आणि तिच्यात जुना चाळीस वॅटचा पिवळा बल्ब लावतो, सामानापासून आणि लाकडापासून वीतभर लांब. त्या उबेने ओल धरत नाही. लाकडाचा भुसा मात्र लेथवर कधी राहू देऊ नये. तो पाणी ओढतो आणि त्याखाली गंज चढतो.

दुसरे दुखणे विजेचे. पावसाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज इतके पडते की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. अशा वेळी "बघू, उचलेल" म्हणत बटण दाबून धरू नका. लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळते. आमची एकदा जळली, म्हणून सांगतो. आणि काम करता करता वीज गेली तर पहिला हात बटणाकडे जायला हवा. वीज परत येते तेव्हा लेथ आपोआप फिरू लागतो, आणि त्या वेळी कोणाचा हात चकवर असेल तर काय होईल ते लिहवत नाही. वीज गेली की आपोआप सुटणारा आणि परत चालू करावा लागणारा स्टार्टर बाजारात मिळतो. लेथ घेणार असाल तर तो आधी घ्या. अर्थिंगही नीट तपासून घ्यावे, ओल्या फरशीवर तर फारच.

तिसऱ्याचा पत्ता आम्हाला वर्षभर लागला नाही. सरळ दांडा काढावा तर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. टूल बदलले, धार लावली, फरक तोच. शेवटी अब्बांनी लेथचे चारही पाय तपासले. खालची शहाबादी फरशी एका कोपऱ्यात दबली होती आणि त्यामुळे बेडलाच पीळ बसला होता. पायाखाली पत्र्याचे पातळ तुकडे सरकवत, दर वेळी एक दांडा कापत आणि दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजत तीन दिवस गेले. जुना लेथ घेतल्यावर ही तपासणी पहिल्या दिवशीच करावी.

माल आम्ही भंगारातून घेतो. जळक्या मोटरचा शाफ्ट चांगला कापतो. जुन्या नळांचे पितळ छोट्या भागांना पुरते. बिडाच्या तुकड्यावर कडक कातडी असते, तिला वरवर खरवडत बसलात तर टूलची धार जाते. पहिलाच काप कातडीच्या खाली जाईल एवढा खोल घ्यावा. पितळाला छिद्र पाडताना ड्रिल एकदम आत ओढले जाते आणि तुकडा हातातून हिसकावला जातो. त्यावर उपाय सोपा आहे: ड्रिलच्या धारेची चढण तेलाच्या दगडाने किंचित सपाट करून घ्यायची. असे ड्रिल पितळासाठी वेगळे ठेवावे आणि त्याला रंगाची खूण करावी. तीन मिलिमीटरच्या आट्यांना आधी अडीचचे छिद्र पाडायचे. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तेल. घाईत मोडलेला टॅप पितळेच्या सिलिंडरमधून काढणे म्हणजे सारा दिवस घालवणे.

आमचे इंजिन डोलणाऱ्या सिलिंडरचे, म्हणजे सिलिंडर स्वतःच पुढे-मागे डोलतो आणि वाफेचे छिद्र उघडतो, मिटतो. त्यात सगळा जीव दोन सपाट पृष्ठभागांत असतो. ते एकमेकांवर तंतोतंत बसले नाहीत तर वाफ फटीतून निघून जाते. आम्ही काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, पाणी टाकून, आठाच्या आकड्यासारखे फिरवत ते घासले. अब्बांना तेव्हा अल-जझरीची गोष्ट सांगितली. दियारबकरच्या या कारागिराने १२०६ साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. झडपा पाणी गळणार नाही अशा बसाव्यात म्हणून झडप आणि तिची बैठक कुरुंदाच्या पुडीने एकमेकांवर घासायची रीत त्यात आहे. अब्बा म्हणाले, "मग आठशे वर्षांत आपण नवीन काय केलं?" आणि घासतच राहिले.

आता बॉयलरची गोष्ट. ती सांगायला थोडे जड जाते.

मागच्या रमझानमध्ये इंजिन तयार झाले. आमच्या भाच्याने ईदला ते वाफेवर फिरताना बघायचे असा हट्ट धरला. तांब्याच्या जाड नळीचा छोटा बॉयलर अब्बांनी चांदीच्या डागाने जोडला होता. अलीकडे त्यांचा उजवा हात थोडा थरथरतो. ते कोणाला दिसू नये म्हणून ते काम त्यांनी एकट्याने, अस्रनंतर, वाऱ्यात उरकले. आम्हाला विचारले असते तर आडोसा धरला असता.

बॉयलर पेटवण्याआधी थंड पाण्याने तपासायचा असतो. चालवायचा दाब दोन किलो तर तपासणी चार किलोला. वाफेने किंवा हवेने ही तपासणी कधीही करू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे जोड फुटला तर चार थेंब उडतात. वाफ साठलेला बॉयलर फुटला तर आतले तापलेले पाणी क्षणात वाफ होऊन शेकडो पट फुगते आणि तांब्याचे तुकडे पडवीभर जातात. प्लंबरकडून नळ तपासायचा हातपंप आणला. काटा तीनवर गेला आणि मागच्या झाकणाच्या जोडातून दोऱ्याएवढी पाण्याची धार निघाली.

अब्बा म्हणाले, "वरून कथलाचा डाग देतो, दहा मिनिटांचं काम." भाचा आनंदला. ईद चार दिवसांवर होती.

आम्ही नाही म्हणालो. अब्बांना नाही म्हणायची आमच्या घरात रीत नाही. पण दोन किलो दाबाला आतले पाणी १३३ अंशांच्या आसपास असते आणि साधे कथील-शिशाचे डाग १८३ अंशांना वितळू लागतात. पाणी आहे तोवर ठीक. पाणी कमी झाले की कोरडा पत्रा बघता बघता त्याच्या पुढे जातो, आणि समोर तेव्हा मूल बसलेले असते. हे अब्बांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होते. ते काही बोलले नाहीत, हात धुऊन तरावीहला निघून गेले. त्या रात्री घरात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही.

सहरीला त्यांनीच विषय काढला. "हात स्थिर नव्हता माझा," म्हणाले. "डाग आत उतरलाच नाही."

ईदला इंजिन फिरले, पण हवेवर. सायकलच्या पंपाने ट्रकची जुनी ट्यूब भरली आणि रबराची नळी लावली. भाचा पंप मारून घामाघूम झाला आणि पंप मारल्यामुळे इंजिन आपलेच आहे असे त्याला वाटू लागले. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी हवेवरच थांबावे, असे आमचे मत आहे. फिरणे तेच, भाजण्याची भीती नाही. फक्त चकची चावी चकमध्ये विसरायची नाही, फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, सैल बाही, ओढणी नको, आणि चष्मा मुलांनाही हवा. बघणाऱ्याच्या डोळ्यातसुद्धा बुरा जातो.

बॉयलर पुढे हुपरीच्या एका चांदी कारागिराकडे नेला. त्याने सगळा जोड साफ करून, विटांचा आडोसा करून, झाकण सगळीकडून लालसर होईपर्यंत तापवले आणि मगच डाग सोडला. डाग गरम बाजूकडे धावतो, म्हणून ज्योत डागावर नव्हे तर तांब्यावर धरायची. अब्बा तासभर शेजारी स्टुलावर बसून बघत होते. कॅडमियम नसलेलाच डाग मागून घ्यावा आणि काम उघड्यावर करावे, तो धूर छातीला वाईट, हे त्या कारागिराने बजावून सांगितले.

नंतर चार किलोला वीस मिनिटे काटा हलला नाही. बॉयलर आता माजघरात पोत्यांशेजारी फळीवर आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह झालेला नाही, तो झाल्याशिवाय पेटवायचा नाही असे ठरले आहे. व्हॉल्व्हचा बारीक भाग अब्बांनी भाच्याला काढायला दिलाय. पहिले दोन बाद झाले.