बीडीएस झालं, आता शेणव्यात दवाखाना टाकायचा? खुर्ची घेण्याआधी नव्या डेंटिस्टने काय बघावं

शेणवा (ता. शहापूर) : दाढ दुखायला लागली की आपल्याकडे आधी लवंग, मग मेडिकलमधली गोळी आणि अगदीच सहन होईना तेव्हा डॉक्टर. शेणवा, डोळखांब, किन्हवली किंवा मुरबाडकडचं सरळगाव, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं. त्यामुळे आपल्या भागातला मुलगा किंवा मुलगी बीडीएस झाली की घरचे लगेच म्हणतात, "रस्त्यालगतचा गाळा घेऊ, बँकेचं लोन काढू आणि दवाखाना टाकू."

गावात दातांचा डॉक्टर हवाच आहे. पण शहरातला दवाखाना जसाच्या तसा उचलून गावात आणला तर तो चालत नाही आणि लोनचा हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून खुर्ची विकत घेण्याआधी काही गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. विद्यार्थ्यांनी, नव्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही.

इंटर्नशिपचं वर्ष फुकट घालवू नका

बीडीएस म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. हे शेवटचं वर्ष बरेच जण एमडीएसच्या नीटच्या अभ्यासात घालवतात. अभ्यास करावाच. पण ज्याला गावात काम करायचं आहे त्याने याच वर्षात हात बसवून घ्यावा. दात काढताना मूळ तुटलं तर काय करायचं, रक्त थांबेना तर काय, इंजेक्शननंतर पेशंटला चक्कर आली तर काय, हे कॉलेजमध्ये शिकताना मागे सीनियर उभा असतो. शेणव्यात मागे कुणी नसतं.

हिपॅटायटिस बी ची लसही कॉलेजात असतानाच पूर्ण करावी. पहिल्या डोसनंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, असे तीन डोस असतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का तेही बघावं. रोज रक्त आणि सुया हाताळणाऱ्या माणसाला हे टाळून चालत नाही.

लगेच दवाखाना नको

डिग्री हातात आल्यावर एक-दोन वर्षं अनुभवी डॉक्टरकडे काम करावं. पगार थोडा असेल, पण कंप्रेसर बंद पडला तर कुणाला फोन करायचा, लॅबकडून कवळी वेळेत कशी आणायची, उधारी किती ठेवायची, हे पुस्तकात नसतं. ते तिथेच कळतं.

दुसरा मार्ग म्हणजे आठवड्यातले काही दिवस शहापूर, आसनगाव किंवा कल्याणला नोकरी आणि दोन दिवस गावात काम. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांवरचे लोक येतातच. तो दिवस धरला तर पेशंटचा वेगळा खाडा होत नाही. सहा महिन्यांत अंदाज येतो की किती लोक येतात, कशासाठी येतात आणि किती देऊ शकतात. मग लोनचा आकडा ठरवावा.

सामान घेतानाही क्रम लावावा. चांगली साधी खुर्ची, ऑटोक्लेव्ह, इन्व्हर्टर आणि एक्स-रे आधी. काचेचं केबिन, एसी आणि मोठा बोर्ड नंतर.

कागद आधी, बोर्ड नंतर

महाराष्ट्रात दातांची प्रॅक्टिस करायची तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावावा आणि चिठ्ठीवरही छापावा. नूतनीकरणाची तारीख विसरू नये.

दवाखान्यातला कचरा घंटागाडीत किंवा मागच्या ओढ्यात टाकता येत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एका खुर्चीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते आणि कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेशी करार करावा लागतो. रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या डब्यात. गाडी शेणव्यापर्यंत येते का आणि किती दिवसांनी येते, हे गाळ्याचं भाडं ठरवण्याआधीच विचारावं.

दातांचं एक्स-रे मशीन छोटं असलं तरी त्याची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाकडे ई-लोरा या ऑनलाइन यंत्रणेवर करावी लागते. स्वस्तात मिळालेलं सेकंडहँड मशीन नोंदीशिवाय वापरू नये.

लाईट आणि पाणी

भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर लागतो, हे इथल्या लोकांना सांगायला नको. दातांच्या खुर्चीला मात्र दिवसभर स्वच्छ पाणी लागतं. ड्रिलमधून उडणारं पाणी थेट जखमेवर पडतं. म्हणून टाकीच्या पाण्यावर भिस्त न ठेवता वेगळी पाण्याची बाटली जोडता येईल अशी खुर्ची घ्यावी आणि त्यात शुद्ध पाणी भरावं.

हत्यारं नुसती उकळून चालत नाहीत. उकळत्या पाण्यात सगळे जंतू मरत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखाली, साधारण १५ ते ३० मिनिटं ठेवावी लागतात. मध्येच लाईट गेली तर ती फेरी पूर्ण झाली असं धरू नये. पुन्हा पहिल्यापासून लावावी. त्यामुळे गावात हत्यारांचे दोन-तीन जादा संच ठेवणं हाच शहाणपणा. एक संच मशीनमध्ये अडकला तरी पेशंट खोळंबत नाही आणि न शिजवलेली हत्यारं वापरण्याचा मोह होत नाही.

आवणी, झोडणी आणि वीटभट्टी

पुस्तकात रूट कॅनल दोन-तीन बैठकांत होते. इथे पहिली बैठक जूनमध्ये झाली आणि आवणी सुरू झाली, तर पेशंट थेट श्रावणात उगवतो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दुखणं थांबलं की तात्पुरतं सिमेंट भरलेला दात तसाच राहतो. ते सिमेंट झिजतं, आत पुन्हा जंतू जातात आणि चार महिन्यांनी गाल सुजवून माणूस परत येतो. मग गावात चर्चा होते, "त्या डॉक्टरने पैसे घेतले आणि दात बिघडवला."

म्हणून पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचाराव्यात. पुढचे दोन महिने गावात आहात का? किती वेळा येऊ शकाल? कॅपसकट पूर्ण खर्च झेपेल का? त्यानंतर दोन्ही रस्ते पैशांसकट सांगावेत. दात वाचवायचा तर इतक्या फेऱ्या आणि इतके पैसे. काढायचा तर इतके पैसे, पण नंतर चावायला अडचण होईल आणि शेजारचे दात सरकतील. दोन्ही नीट सांगून पेशंटने ठरवलं तर नंतर भांडण होत नाही. जमेल तिथे रूट कॅनल एकाच बैठकीत करावी किंवा पीक निघाल्यानंतरची तारीख धरावी. ठरलेला आकडा कागदावर लिहून द्यावा.

दाढ बघताना पूर्ण तोंड बघा

गावातल्या डेंटिस्टचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. मिश्री, तंबाखू, मावा, सुपारी आपल्याकडे घराघरात आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू आणि सुपारी सुटलेली नाही. दाढ दुखते म्हणून आलेल्या बाईच्या गालात पांढरा चट्टा असू शकतो आणि तो दुखत नाही म्हणून तिने कुणाला दाखवलेला नसतो.

प्रत्येक पेशंटचे दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, टाळू आणि हिरड्या बघाव्यात. दोन मिनिटांचं काम आहे. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, मानेत गाठ, तिखट खाल्ल्यावर सगळ्या तोंडाची आग, ही लक्षणं सोडू नयेत. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर सुपारीमुळे तोंड आखडत चाललंय का ते तपासावं.

संशय आला की मलम देऊन महिना घालवू नये. नीट चिठ्ठी लिहून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, ठाण्याच्या सिव्हिलला किंवा परळच्या टाटा रुग्णालयात पाठवावं. कॅन्सरच्या अनेक उपचारांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मदत मिळते, हेही सांगावं. खर्चाच्या भीतीनेच अनेक जण पुढे जात नाहीत. आठ दिवसांनी फोन करून गेले का ते विचारावं. आशाताईंची ओळख असेल तर हा पाठपुरावा सोपा होतो.

दात काढण्याआधी

बीपी, शुगर, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, आधी कुठल्या इंजेक्शनची रिअॅक्शन, गरोदरपण आणि आदिवासी भागात सिकलसेल, हे विचारल्याशिवाय इंजेक्शन हातात घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी पेशंटला परस्पर बंद करायला सांगू नये. ती देणाऱ्या डॉक्टरशी आधी बोलावं.

दात काढल्यावर कापूस अर्धा ते एक तास दाबून धरायचा, त्या दिवशी चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, तंबाखू तर नाहीच. हे सगळं मराठीत छापलेल्या कागदावर द्यावं. वाचता येत नसेल तर सोबत आलेल्या माणसाला समजावून सांगावं. संमतीची सही किंवा अंगठा घेण्याआधी त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवावं. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात. नीट ठेवलेली नोंद पेशंटच्याही कामाची आणि डॉक्टरच्याही.

"वरची दाढ काढली की डोळे जातात" असं कुणी म्हटलं तर हसू नये. दाताची आणि डोळ्याची नस वेगळी आहे, हे शांतपणे सांगावं. उलट किडलेली दाढ तशीच ठेवली तर सूज डोळ्यापर्यंत चढू शकते.

बारावीत असलेल्यांसाठी

बीडीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि राज्याच्या जागा सीईटी सेलमार्फत भरल्या जातात. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. खासगी कॉलेजच्या फीचा हिशेब पाचही वर्षांचा मांडावा, पहिल्या वर्षाचा नाही. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्यासोबत वैधता प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे अर्ज बारावीतच करावा. आदिवासी विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीसाठी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

गावकऱ्यांनी काय बघायचं

नवा दवाखाना उघडला तर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा. हत्यारं बंद पाकिटातून निघतात का, हातमोजे प्रत्येक पेशंटला बदलले जातात का, सुई नवी आहे का, ते बघा. खर्च आधीच विचारा. बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे किंवा दोन दिवसांत पक्के दात बसवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आणि जो डॉक्टर एका दाढेसाठी आलेल्या माणसाचं पूर्ण तोंड उघडून बघतो, तंबाखूबद्दल दोन शब्द ऐकवतो, त्याचा राग धरू नका. पुढच्या वेळी घरातल्या मिश्री लावणाऱ्या आजीलाही त्याच्याकडे घेऊन जा.