मिठावरून अंदाजपत्रक

सरकारी तिजोरीत शिल्लक पडली म्हणजे रयत सुखी, असे आपण सहज धरून चालतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तसे धरले नाही. कागल-कोल्हापुरात शिकलेले, म्हणून आम्हां कोल्हापूरकरांना ते थोडे घरचेच वाटतात. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेकौन्सिलात ते अंदाजपत्रकावर प्रथम बोलले. सभासदांस बोलण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती! शिल्लक होती सात कोटींवर, आणि देश नुकताच १८९९-१९००च्या दुष्काळातून निघालेला. मग हा पैसा आला कोठून? गोखल्यांनी दाखविले की, रुपयाचा भाव चढविल्यामुळे विलायतेस धाडावयाची रक्कम कमी रुपयांत भागते. कर मात्र पूर्वीच्याच चढ्या दराने वसूल होतात. रयतेची खरी स्थिती त्यांनी मिठावरून काढली. १८८८ साली मणामागे कर दोनाचा अडीच रुपये झाला आणि माणशी खप घटला. पोटाला चिमटा बसल्याखेरीज मिठात काटकसर कोण करील? आकडे सगळे सरकारी कागदांतलेच. आम्हांस वर्म येथेच दिसते. १९०३ साली कर दोन रुपयांवर उतरला. सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे बरोबर नव्हे; पण त्यांनी तो विषय पुढेही सोडला नाही, आणि १९०७ साली कर एक रुपयावर आला.