दुबईत पास घ्यावा की कार्ड?

परदेशी सफरीचा विचार निघाला की घरात चर्चा होते ती विमानाच्या तिकिटाची, व्हिसाची आणि हॉटेलची. तिथे पोहोचल्यावर रोज फिरायचे कसे, याचा हिशेब फारसा कोणी करत नाही. आम्हीही केला नव्हता. 2024 च्या डिसेंबरात, मुलांच्या नाताळच्या सुट्टीत, चिपळूणहून आम्ही सहा जण दुबईला गेलो. आम्ही दोघे, अम्मी आणि तीन मुले: चौदा वर्षांचा थोरला, नऊ वर्षांची मधली आणि चार वर्षांची धाकटी. आमचे भाईजान तिथे अठरा वर्षे नोकरीला आहेत. इतक्या वर्षांत घरातले कोणी त्यांच्याकडे गेले नव्हते. अम्मींचे गुडघे अजून चालते आहेत तोवर एकदा जाऊन येऊ, एवढेच ठरले होते.

निघण्यापूर्वी एका टूर एजंटाने सल्ला दिला, "सगळ्यांचे एक दिवसाचे पास घ्या, रोज घ्या, डोक्याला ताप नको." हा पास 20 दिर्हमचा. पाच माणसे, पाच दिवस, म्हणजे 500 दिर्हम. त्या वेळी दिर्हम साधारण 23 रुपयांना होता, तेव्हा साडेअकरा हजार रुपये झाले. भाईजानांना फोन केला तर ते म्हणाले, "पास-बीस काही घेऊ नका. तुम्ही माझे मेहमान आहात. टॅक्सीने फिरू, पैसे मी देईन."

आम्हाला दोन्ही पटेना. भाईजान अल कूझला एका खोलीत चौघांबरोबर राहतात आणि पगारातला मोठा हिस्सा दर महिन्याला घरी पाठवतात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या पाहुणचाराला नाही म्हणता येत नव्हते आणि त्यांचा खिसा रिकामा करायचीही इच्छा नव्हती. म्हणून दोन रात्री वही-पेन घेऊन बसलो.

दुबईत मेट्रो, ट्राम आणि बस या सगळ्यांना मिळून 'नोल' नावाचे एकच कार्ड चालते. शहराचे सात झोन पाडले आहेत. चंदेरी म्हणजे सिल्व्हर कार्डावर एकाच झोनमधल्या प्रवासाला 3 दिर्हम, शेजारच्या झोनमध्ये गेलात तर 5, आणि त्याहून लांब कितीही गेलात तरी 7.5 दिर्हम. कार्ड 25 दिर्हमला मिळते, त्यातले 19 दिर्हम प्रवासासाठी आत असतात, म्हणजे कार्डाची खरी किंमत 6 दिर्हम. लाल रंगाचे कागदी तिकीटही मिळते, पण त्याचे 2 दिर्हम वेगळे आणि भाडेही प्रत्येक फेरीला एक दिर्हम जास्त. एखाद्या दिवसासाठी उतरलेल्या माणसाला ते ठीक. निळे कार्ड नाव, फोटो आणि अर्ज देऊन करायचे असते, ते तिथे राहणाऱ्यांसाठी. सोनेरी कार्डाचे भाडे दुप्पट, त्यात गोल्ड क्लासच्या डब्यात बसता येते.

आता पासाचा हिशेब बघा. 20 दिर्हम वसूल व्हायचे तर दिवसात लांब पल्ल्याच्या तीन फेऱ्या हव्यात किंवा 5 दिर्हमच्या चार. लहान मुले आणि अडुसष्ट वर्षांच्या आजीला घेऊन दिवसाला तीन-चार ठिकाणे कोण करतो? सकाळी एकदा निघायचे, दुपारी जेवण, जोहर, थोडी विश्रांती आणि मगरीबनंतर परत. दोन फेऱ्या झाल्या की दिवस संपला. एकट्या तरुणाला पास परवडेल. कुटुंबाला क्वचितच. भाईजान स्वतः 350 दिर्हमचा तीस दिवसांचा सर्व झोनचा पास वापरतात, आणि रोज अल कूझहून देरा गाठणाऱ्या माणसाला तो बरोबरच आहे.

आमचे हॉटेल देरा भागात, युनियन स्टेशनपासून चालत सहा-सात मिनिटांवर. हे मात्र आम्ही नशिबाने नव्हे, नकाशा बघून निवडले. युनियनला मेट्रोची लाल आणि हिरवी अशा दोन्ही लाइन मिळतात. पाचशे रुपये स्वस्त हॉटेल स्टेशनपासून दोन किलोमीटर लांब असेल तर ते स्वस्त नसते.

पहिली गडबड विमानतळावरच झाली असती. मुंबईहून जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात आणि मेट्रो रात्री बारा-एकला बंद होते. पहाटे पाचला सुरू होते, रविवारी तर आठला. शिवाय टर्मिनल 1 आणि 3 ला मेट्रो स्टेशन आहे, टर्मिनल 2 ला नाही. आम्ही पहाटे दोनला उतरलो. त्यामुळे मोठी टॅक्सी केली. विमानतळावरून टॅक्सीचे मीटरच 25 दिर्हमवर सुरू होते, पण झोपलेली धाकटी खांद्यावर आणि चार बॅगा असताना तिथे कंजूषी करण्यात अर्थ नव्हता.

टॅक्सीविषयी आणखी एक. साध्या टॅक्सीत चौघेच बसतात. तुम्ही चौघे असाल आणि अंतर कमी असेल तर टॅक्सी मेट्रोइतकीच पडते. कमीत कमी भाडे 12 दिर्हम, तर मेट्रोचे चौघांचे एका झोनमध्येही 12. मग उन्हात स्टेशनपर्यंत चालायचे कशाला? पण आम्ही भाईजान धरून सात जण. प्रत्येक वेळी दोन टॅक्सी. भाईजानांना हा आकडा कागदावर दाखवला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, पण अम्मींना गोल्ड क्लास."

अम्मींनीच तो प्रश्न सोडवला. दुबई मेट्रोत प्रत्येक गाडीला बायका आणि मुलांसाठी राखीव जागा असते, फलाटावर गुलाबी खुणा असतात. दुसऱ्या दिवशी दुबई मॉलला जाताना अम्मी तिथे शिरल्या आणि एका फिलिपिनो मुलीने उठून त्यांना जागा दिली. परतताना त्यांनी सोनेरी कार्डाचे नावही काढू दिले नाही. थोरला मात्र आईच्या मागोमाग त्याच डब्यात घुसला होता. उंचीला बापाएवढा झालाय. शेजारच्या बाईंनी खुणेनेच त्याला बाहेरची वाट दाखवली. पुरुष तिथे सापडला तर 100 दिर्हम दंड आहे. खाण्यापिण्यालाही तितकाच, च्युइंगगमसुद्धा चालत नाही. मुलांच्या खिशातले सगळे आम्ही फलाटावर जाण्याआधीच काढून घेत होतो.

दुबई मॉलचे स्टेशन मॉलच्या दारात आहे असे समजू नका. स्टेशनपासून मॉलपर्यंत सुमारे 820 मीटरचा बंद, वातानुकूलित पूल आहे. सरकते पट्टे आहेत, तरी मध्ये मध्ये चालावेच लागते. अम्मींना त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे लागली. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला घेऊन जाणार असाल तर तेवढी एक फेरी टॅक्सीने करावी, असे आमचे मत झाले.

कार्ड प्रत्येकाला वेगळे लागते. एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. पाच वर्षांखालच्या किंवा 90 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना भाडे नाही, म्हणून धाकटी फुकट. पाचही कार्डे दिसायला सारखी. पहिल्याच दिवशी ती मुलांनी आपसांत मिसळली आणि कोणात किती शिल्लक ते कळेना. रात्री प्रत्येकावर कागदी पट्टी चिकटवून नावे लिहिली. बसमध्ये चढताना आणि उतरतानाही कार्ड टेकवायचे असते. उतरताना विसरलात तर जास्तीचे भाडे कापले जाते.

आमच्या वहीतल्या हिशेबाप्रमाणे दर माणशी 34 दिर्हम लागणार होते: दुबई मॉलला जाऊन-येऊन 10, मॉल ऑफ द एमिरेट्सला 15, शुक्रवारी जुन्या बाजाराला 6 आणि शेवटी विमानतळ 3. म्हणून यंत्रातून प्रत्येक कार्डात 20 दिर्हम भरले, एकूण 39. खिडकीवर गेलो असतो तर एका कार्डात एका वेळी निदान 50 भरावे लागले असते.

गुरुवारी हिशेब चुकला. मॉल ऑफ द एमिरेट्सहून बसने समुद्रावर जायचे होते. मेट्रोतून उतरल्यावर तीस मिनिटांत बस पकडली तर तो एकच प्रवास धरला जातो, वेगळे भाडे पडत नाही. आम्ही मॉलच्या नमाजखान्यात असर अदा केली. वुजूला रांग होती, धाकटीला पाणी हवे होते, आणि पंचेचाळीस मिनिटे गेली. बसने नव्याने 3 दिर्हम कापले. त्याचे आम्हाला काही वाटले नाही.

शुक्रवार सगळ्यांत स्वस्त गेला आणि सगळ्यांत चांगला. भाईजानांना सुट्टी होती. पूर्वी शुक्रवारी मेट्रो उशिरा सुरू व्हायची, आता पहाटेपासून असते. अल रासला उतरून मसाल्यांचा बाजार पाहिला आणि अब्रा म्हणजे लाकडी होडीने खाडी ओलांडून बर दुबईला जुम्मा अदा केला. होडीचे भाडे एक दिर्हम, रोख. अम्मींना दाभोळची खाडी आठवली. "पैसे देऊन इतक्या लांब आले आणि बसले ते तरीतच," असे म्हणून त्या हसत होत्या. अबुधाबीची मशीद राहिली. बसचे एका बाजूचे 25 दिर्हम आणि तिथल्या शहरी बसला नोल चालत नाही, हाफिलात नावाचे दुसरे कार्ड लागते. एका दिवसात अम्मींना ते झेपले नसते.

शनिवारी निघताना बॅगा घेऊन युनियनला आलो आणि एकही गेट उघडेना. कार्डात 5 दिर्हम होते, विमानतळाचे भाडे 3 दिर्हम, पण आत शिरताना निदान 7.5 दिर्हम शिल्लक लागते. गुरुवारचे ते 3 दिर्हम इथे नडले. मागे रांग, हातात बॅगा, धाकटी रडवेली. आम्ही यंत्राकडे पळून चार कार्डांत पुन्हा वीस-वीस भरले. तोवर अम्मींचे कार्ड घेऊन भाईजान खिडकीवर गेले होते.

पासापायी गेले असते 500. मेट्रो आणि बसला आमचे खर्च झाले 185 दिर्हम आणि कार्डांचे 30. भाईजानांनी दोन वेळचे जेवण आणि पहिल्या दिवशीची टॅक्सी दिली, त्यावर आम्ही काही बोललो नाही.

सिल्व्हर कार्डावर नाव नसते आणि ते पाच वर्षे चालते. आमची चार कार्डे, प्रत्येकी 22 दिर्हम शिल्लक असलेली, शेजारच्या घरी दिली आहेत. त्यांच्या मुलीचे बाळंतपण तिथे आहे, ते मे महिन्यात जातील. दर बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी ताजे दर बघून घ्यायला त्यांना सांगितले आहे.

अम्मींनी मात्र त्यांचे कार्ड दिले नाही. ते त्यांच्या बटव्यात आहे, नावाची पट्टी अजून तशीच. घरी आल्यावर भाईजानांना फोनवर विचारले तेव्हा कळले की खिडकीवर त्यांनी त्यात 50 दिर्हम भरले होते. "पुढच्या वेळेसाठी," ते म्हणाले. अम्मींच्या कार्डात आता 52 दिर्हम आहेत.