चंडोल कोणता, भारद्वाज कोणता?

आषाढीच्या वाटेवर बांधावरच्या झुडपातून लाल पंखांचा काळा पक्षी निघाला की दिंडीत कुणीतरी म्हणतंच, "भारद्वाज दिसला, आता काम होणार!" पलीकडे ढेकळातून भुर्रकन उडालेल्या मातकट पाखराकडे कुणी ढुंकून बघत नाही. गंमत अशी, की जुन्या ग्रंथांत ते नाव या पाखराचं आहे.

गैरसमज : संस्कृतातला भरद्वाज म्हणजे आपला भारद्वाज.
वस्तुस्थिती : आपला भारद्वाज कोकिळेच्या कुळातला, जवळपास ४८ सेंटिमीटर लांब. तो झुडपात बसून 'कूप-कूप' घुमतो. संस्कृत शब्दकोशांत भरद्वाजाचा अर्थ चंडोल असा दिलेला सापडतो. अमरकोशात त्याचंच दुसरं नाव व्याघ्राट. मराठीत भारद्वाज हे नाव भलत्याच पक्ष्याला चिकटलं.

गैरसमज : चंडोल इंग्रजी कवितेतून आपल्याकडे आला.
वस्तुस्थिती : शेलीनं १८२० साली इटलीत ज्याच्यावर कविता लिहिली, तो युरोपातला स्कायलार्क. भाषांतरात त्याचा चंडोल होतो, पण सोलापूरच्या माळावरचा तुरेवाला छोटा चंडोल निराळ्या जातीचा, दख्खनचाच रहिवासी, जेमतेम १४ सेंटिमीटरचा. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि जातीला नाव दिलं 'देवा'. पंढरीच्या आसपास राहणाऱ्याला हे नाव शोभतंच!

गैरसमज : गाणारं पाखरू म्हणजे झाडाच्या शेंड्यावर बसणारं.
वस्तुस्थिती : चंडोलाला झाड लागत नाही. नर गात गात आभाळात चढतो, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो आणि पुन्हा जमिनीवर उतरतो.

गैरसमज : माळ म्हणजे पडीक जागा.
वस्तुस्थिती : गवताच्या झुबक्याआड किंवा ढेकळाच्या कडेला, खुराच्या ठशाएवढ्या खळग्यात चंडोलाचं घरटं असतं. ठिपक्यांची अंडी मातीत अशी मिसळून जातात, की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. माळ नांगरला, किंवा झाडं लावून 'हिरवा' केला, तरी चंडोलाचं घर मोडतंच.

म्हणून जुन्या ग्रंथात भरद्वाज भेटला की आधी बघावं : तो झुडपात घुमतोय की आभाळात गातोय? गात असेल, तर तो आपला चंडोल.