विहिरीचा सुरुंग : भोक भरण्याची साधने आणि मालकाची नजर



महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग लाव्हारसापासून बनलेल्या बसाल्ट खडकाचा आहे. विहीर खणताना वरची माती आणि मुरूम यंत्राने किंवा कुदळ-फावड्याने निघतो. खाली मांजऱ्या लागला तरी ब्रेकरने काम भागते. पण अखंड काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय गत्यंतर राहत नाही. मग ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो, जॅकहॅमरने भोके पाडली जातात, ती भरली जातात आणि संध्याकाळी बार उडतात. या सर्व कामात सर्वांत धोक्याची वेळ बार उडण्याची असते असा आपला समज आहे. त्या वेळी विहिरीत कोणीच नसते. भोक भरताना मात्र दोन-तीन माणसे त्यावर ओणवी झालेली असतात. म्हणून भरण्याची साधने कोणती, ती तशीच का असावीत आणि विहीरमालकाने काठावर उभे राहून काय पाहावे, याची माहिती या लेखात देत आहे. सुरुंग भरणे हे परवानाधारक ब्लास्टरचेच काम आहे. ते स्वतः करण्यासाठी हा लेख नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

पीकशास्त्राच्या शिक्षकाने हा विषय का हाती घ्यावा, असे कोणी विचारील. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात विद्यार्थ्यांना घेऊन एका गावी गेलो होतो. मृद्‌ तपासणीसाठी नमुने घेत असताना शेजारच्या शेतात विहिरीचे काम चालू होते. आत डोकावलो तर एका भोकात कांडी मध्येच अडकली होती आणि एक वयस्कर कामगार ती लोखंडी पहारीने खाली रेटण्याच्या तयारीत होते. मी वरूनच ओरडलो, ‘‘मामा, थांबा. लाकडी दांडा नाही का?’’ त्यांनी शांतपणे उत्तर दिले, ‘‘होता, मोडला सकाळी. आताचा माल थंड असतो सर, पहारीनं काही होत नाही.’’ मालकाचे लक्ष पश्चिमेच्या आभाळाकडे होते. ‘‘दोनच भोकं राहिलीत, आज उडवून घेऊ द्या,’’ एवढेच तो म्हणाला. शेवटी काम थांबवले, पहार वर घेतली आणि नवा दांडा तयार करण्यात अर्धा-पाऊण तास गेला. त्या दिवशी काहीही वाईट घडले नाही. पण मामांचे ते वाक्य नंतर मी आणखी दोन-तीन विहिरींवर ऐकले, म्हणून त्याचाच आधी विचार करू.

माल थंड, पण कॅप थंड नाही

मामांच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. पूर्वीच्या जिलेटिनच्या कांड्यांत नायट्रोग्लिसरीन असे. त्या हाताळल्यावर डोके ठणकत असे, हे जुन्या लोकांना आठवत असेल. अशा स्फोटकांवर आपल्या देशात 1 एप्रिल 2004 पासून बंदी आली. सध्या मिळणाऱ्या कांड्या स्लरी किंवा इमल्शन प्रकारच्या असतात. लोक त्यांनाही सवयीने जिलेटीनच म्हणतात, परंतु त्या धक्क्याला आणि घर्षणाला पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी दाद देतात.

मात्र कांडीला उडवणारी जी छोटी नळी असते, जिला आपण कॅप म्हणतो ती म्हणजे डिटोनेटर, ती तितकीच नाजूक राहिली आहे. ठोका, ठिणगी, चिरडणे, उष्णता यांपैकी कशानेही ती उडू शकते. ज्या भोकात कॅप आहे त्या भोकात लोखंड गेले की माल थंड असल्याचा उपयोग शून्य. बसाल्टवर पोलाद आपटले तर ठिणगी पडते, हे पहार चालवणाऱ्या प्रत्येकाने अंधारात पाहिलेले असते.

लोखंडी दांड्याने काय होते याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सुरुंगाच्या पुस्तकांपेक्षा वैद्यकाच्या पुस्तकांत अधिक आढळते. 13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना फिनियस गेज हा मुकादम लोखंडी कांबीने दारू ठासत होता. कांब खडकाला लागून ठिणगी पडली आणि दारू पेटली. सुमारे 1.1 मीटर लांब आणि 6 किलो वजनाची ती कांब त्याच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. आश्चर्य म्हणजे तो वाचला आणि पुढे 1860 पर्यंत जगला, परंतु त्याचा स्वभाव बदलून गेल्याचे त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले. आपल्याकडच्या विहिरीत असा चमत्कार होईल या भरवशावर कोणी राहू नये.

लाकडी दांडा कसा असावा

भरण्याच्या साधनांत लाकडी दांडा हे सर्वांत साधे, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचे साधन होय. तो सरळ, गुळगुळीत आणि भोकाच्या खोलीपेक्षा निदान दोन फूट लांब असावा, म्हणजे ठासताना हात आणि तोंड भोकाच्या सरळ रेषेत येत नाही. उभ्या रेषेचे सागवान किंवा सांधे तासून गुळगुळीत केलेला भरीव बांबू चालतो. खालचे टोक सपाट कापलेले असावे. टोकदार दांडा कांडीत घुसतो. टोक पिंजू नये म्हणून काही जण त्याला लोखंडी कडी बसवतात किंवा दोन दांडे खिळ्यांनी जोडतात. असे केल्यास दांडा लाकडाचा असून नसल्यासारखाच. टोक पिंजले की तेवढे कापून टाकावे आणि दांडा फारच आखूड झाला की चुलीत घालावा. पाण्याच्या साध्या प्लास्टिक पाइपचा तुकडाही वापरू नये, कारण घासल्याने त्यावर स्थितिज विद्युत साठते.

दांड्याच्या जाडीबाबत एक बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. जॅकहॅमरच्या सळ्या एकामागून एक लांब होत जातात आणि प्रत्येक पुढच्या सळीचे तोंड किंचित बारीक असते. पहिली 34 मिलिमीटरची असेल तर दुसरी 33 ची आणि तिसरी 32 ची. म्हणजे भोक वर रुंद आणि तळाशी अरुंद. त्यात सळीचे तोंड झिजलेले असेल तर ते आणखी अरुंद होते. कांडी साधारणपणे 25 मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे वर सहज शिरलेली कांडी खाली दगडाच्या कपचीला अडते. आमच्या मामांची कांडी अशीच अडकली होती.

यासाठी भरण्यापूर्वी प्रत्येक भोकात दांडा तळापर्यंत घालून पाहावा. दांड्यावर फुटा-फुटाच्या खुणा कोरून ठेवल्या तर खोलीही कळते. दांडा जिथे अडतो तिथे कांडी अडणारच. असे भोक आधी साफ करावे. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकर घालून चुरा काढता येतो, मात्र त्या वेळी चेहरा बाजूला आणि डोळ्यांवर चष्मा हवा. हवेने न निघणारा गाळ काढण्यासाठी लांब दांड्याची तांब्याची किंवा पितळेची पळी वापरतात. लोखंडी गज वाकवून केलेला आकडा रिकाम्या भोकात फारसे बिघडवणार नाही, पण जवळच भरलेली भोके असतील तर तोही नको. किंबहुना सर्व भोके पाडून, साफ करून, मोजून झाल्याशिवाय एकही भोक भरायला घेऊ नये. एका बाजूला जॅकहॅमर धडधडतो आहे आणि दुसऱ्या बाजूला कांड्या भरल्या जात आहेत, असे दृश्य दिसले तर मालकाने काम तेथेच थांबवावे.

कांडी अडकलीच, तर? तिच्यात कॅप नसेल तर ब्लास्टर लाकडी दांड्याने हलकेच सारून किंवा पाणी सोडून ती मोकळी करतो. कॅप असेल तर ती रेटणे, ओढणे, खरवडणे सर्व निषिद्ध आहे. कॅपच्या तारेला किंवा नळीला धरून कांडी वर ओढण्याचा मोह फार होतो, कारण ती हाताशी असते. असा मोह ज्याला आवरत नाही त्याला विहिरीत उतरू देऊ नये.

कॅप आवळण्याचा चिमटा

जुन्या वातीच्या पद्धतीत वात कॅपमध्ये बसवून कॅपचे तोंड आवळावे लागे. त्यासाठी खास चिमटा असतो. तो हाताशी नसला की कॅप दातांनी आवळणारी माणसे खेड्यापाड्यांत होती. हे कोठेही दिसले तर त्या माणसाकडून काम करून घेऊ नये. त्यानंतर विजेवर उडणाऱ्या कॅप सर्वत्र आल्या. त्यांचे उत्पादन, आयात आणि त्या बाळगणे यांवर 1 एप्रिल 2025 पासून आपल्या देशात बंदी आहे. त्यांची जागा आता बारीक प्लास्टिक नळीच्या आणि इलेक्ट्रॉनिक कॅपनी घेतली आहे. कोणी जुन्या साठ्यातील विजेच्या कॅप स्वस्तात वापरतो म्हणाला तर नकार द्यावा. मोटारीच्या केबलमधून झिरपणाऱ्या विद्युतप्रवाहानेही अशी कॅप उडू शकते आणि जुनी विहीर खोल करताना मोटारीची केबल बहुधा काठावरच असते.

प्लास्टिक नळीच्या कॅपला झिरपणाऱ्या प्रवाहाचे भय नाही, पण दांड्याची घसट लागून नळी कापली गेली तर बार उडत नाही. म्हणून ठासताना नळी एका बाजूला, ताण न देता धरलेली असावी. आकाशातील विजेपुढे मात्र कोणतीच कॅप सुरक्षित नाही. आपल्याकडे विहिरी खणल्या जातात एप्रिल-मेमध्ये आणि वळवाचे ढग येतात त्याच महिन्यांत, दुपारनंतर. गडगडाट ऐकू येताच भरणे सोडून सर्वांनी वर यावे आणि दूर जावे. मालकाची घाई त्या दिवशी आभाळामुळे होती. खरे तर आभाळ हेच थांबण्याचे कारण होते.

ठासणीचे साहित्य

कांड्यांच्या वर भोकाचा जो भाग मातीने बंद करतात त्याला ठासणी म्हणतात. ती नसली किंवा तोकडी असली तर वायू बंदुकीच्या नळीतून निघावा तसा वर निघून जातो, आवाज मोठा होतो, दगड लांब उडतात आणि खडक मात्र फारसा फुटत नाही. साधारणपणे भोकाचा वरचा एक-तृतीयांश भाग तरी ठासणीसाठी राखावा असा ठोकताळा आहे. ठेकेदार कांड्या वाढवून ठासणी कमी करत असेल तर तो तुमचेच पैसे हवेत उडवतो आहे.

ठासणीसाठी चाळलेली वाळू आणि चिकणमाती एकत्र करून, मुठीत गोळा वळेल इतपत ओली करावी व भोकाच्या जाडीच्या वळकट्या करून ठेवाव्यात. या कामात आपली काळी माती वाळूत मिसळली की उत्तम बसते. (भारी जमिनीच्या चिकटपणाला वर्षभर नावे ठेवणाऱ्यांना तिचा हा एक उपयोग.) खडे, गिट्टी, कपच्या अजिबात नकोत, त्या नळी कापतात आणि उडताना गोळीसारख्या येतात. पहिली वळकटी हलक्या हाताने टेकवावी, त्यावरच्या क्रमाने घट्ट कराव्यात. ठोकायचे नसते, दाबायचे असते. कॅप असलेली कांडी तर कधीच ठासायची नसते.

चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत वीतभर व त्याहूनही रुंद भोके असतात. तेथे ट्रकवरच्या टाकीतून पंपाने आणि होजपाइपने इमल्शन सोडतात. ते भोकात गेल्यावरच पूर्ण स्फोटक बनते. बोगद्यांत दाणेदार स्फोटक हवेच्या दाबाने भोकात फुंकणारी यंत्रे असतात आणि त्यांचे होज स्थितिज विद्युत साठू न देणारे, खास बनवलेले असतात. विहिरीच्या पाणथळ, बारीक भोकांसाठी यांतले काहीही लागत नाही. खतापासून घरगुती दारू बनवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला शेतातून परत पाठवावे. अमोनियम नायट्रेटवर 2012 च्या नियमांनुसार नियंत्रण आहे, आणि गुन्ह्यात विहीरमालकही अडकतो.

मालकाने काय पाहावे

काम ठरवतानाच ब्लास्टरचा परवाना पाहावा. स्फोटकांचे परवाने 2008 च्या स्फोटक नियमांखाली दिले जातात. त्यांची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरलाच आहे. उरलेल्या कांड्या आणि कॅप ‘आजची रात्र राहू द्या’ म्हणून तुमच्या घरात, बी-बियाण्याच्या खोलीत ठेवू देऊ नका. कांड्या आणि कॅप तर एका पेटीतही नसाव्यात.

बार किती भरले हे स्वतः मोजून लिहून ठेवावे आणि उडताना आवाज मोजावेत, जरी आवाज एकमेकांत मिसळल्याने मोजणी नेहमी जमत नाही. 1961 च्या खाण नियमावलीत उघड्या सुरुंगासाठी धोक्याचे क्षेत्र 300 मीटर त्रिज्येचे धरले होते, यावरून माणसे आणि जनावरे किती दूर न्यावीत याचा अंदाज यावा.

एखादा बार उडाला नाही अशी शंका आली तर निदान अर्धा तास कोणीही खाली उतरू नये, आणि नंतर प्रथम फक्त ब्लास्टरने उतरावे. न उडालेल्या भोकातली ठासणी उकरून काढणे प्राणघातक ठरते. त्याच्या बाजूला, सुरक्षित अंतर राखून आणि समांतर, नवे भोक पाडून तो उडवण्याची पद्धत आहे. तो निर्णय ब्लास्टरचा.

उडालेल्या भोकाचा तळाशी राहिलेला बुडखाही असाच फसवा असतो. जॅकहॅमरची सळी गुळगुळीत पाषाणावर घसरते, बुडख्यात मात्र चटकन धरते, म्हणून कामगार दुसऱ्या दिवशी तिथेच नवे भोक सुरू करतो. त्या बुडख्यात कांडीचा न उडालेला तुकडा असू शकतो. सकाळी मलबा यारीने वर काढून झाल्यावर तळ पाण्याने धुऊन घ्यावा, प्रत्येक बुडखा शोधून त्यात लाकडाची खुंटी ठोकावी, म्हणजे सळी तिथे लावायची नाही हे सर्वांना दिसते. खुंट्यांसाठी मोडका दांडा चालतो.