हॉटेलातील उमेदवारी

बारावीचा निकाल लागला, की नातेवाइकांच्या घरी पेढे पोहोचण्याआधी एक प्रश्न पोहोचतो : आता पुढे काय? तीन वर्षांपूर्वी आमच्या बहिणीच्या घरी भाच्याने या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याने सारे घर क्षणभर स्तब्ध झाले. "मी हॉटेल मॅनेजमेंटला जाणार." बहिणीच्या सासूबाईंनी हातातले ताट खाली ठेवले. "म्हणजे लोकांची उष्टी काढायला? त्यासाठी कॉलेज कशाला हवे?"

प्रश्न तिखट होता. परंतु त्याचा उत्तरार्ध आम्हांस विचार करण्याजोगा वाटला. उष्टी काढायला कॉलेज कशाला हवे? आणि कॉलेजातच जायचे, तर हॉटेलात राबायचे कशासाठी? गोव्यात राहणाऱ्या माणसाला या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालत नाही. १९७४ साली आग्वादच्या किल्ल्यापाशी ताज समूहाचे हॉटेल उभे राहिले, १९८३ साली राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी तेथे येऊन गेले, आणि त्यानंतरच्या काळात ज्या घरातील एकही माणूस हॉटेलाच्या आश्रयाने जगत नाही असे घर आपल्या किनाऱ्यावर शोधूनच काढावे लागेल.

काम करता करता शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' ही योजना मराठी माणसाला ठाऊक आहेच. मुंबईच्या उडुपी हॉटेलांत दिवसभर कपबशा विसळणारी कितीतरी कानडी मुले रात्रशाळेत बसून परीक्षा देत असत. परंतु तेथे काम एक आणि विद्या दुसरी. दिवसा कपबशी, रात्री भूमिती. कपबशीविषयी कोणी काही शिकवीत नसे. कपबशी हाच अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १८९३ साली शाळेच्या रूपाने साकार झाली. आपल्या देशात ती आली १९५४ साली, मुंबईत, आणि आणली ती एखाद्या हॉटेलमालकाने नव्हे, तर श्रीमती लीलावती मुन्शी यांच्या नेतृत्वाखालील महिलांच्या अन्न परिषदेने. पुढे १९८२ साली राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि अशा संस्थांचा अभ्यासक्रम एका सूत्रात आला. आज ग्वाल्हेर, भोपाळ, अहमदाबाद, हैदराबाद येथे या परिषदेच्या संस्था आहेत. आमच्या पर्वरीसही आहे.

पदवीची वर्षे तीन. त्यांतील दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला कॉलेजाबाहेर काढून साधारण सतरा आठवडे हॉटेलात ठेवतात. मुदपाकखाना, वाढप, स्वागतकक्ष आणि खोल्यांची निगा या चारही खात्यांतून त्याने फिरावे, रोजची नोंद वहीत करावी, खात्याच्या प्रमुखाने तीवर सही करावी, आणि त्यावर गुण मिळावेत, अशी ही रचना आहे.

कॉलेजाचे स्वयंपाकघर आणि हॉटेलाचा मुदपाकखाना यांतील अंतर भाच्याने आम्हांस पहिल्याच रविवारी सांगितले. कॉलेजात आठ जणांच्या गटाने मिळून एक पांढरा सॉस करावयाचा, गुठळी झाली तर मास्तर कारण समजावून देणार. हॉटेलात पहिल्या दिवशी त्याच्यापुढे कांद्यांचे पोते आले. कारण कोणी सांगितले नाही, कारण विचारण्यास वेळही नव्हता. सकाळी अकरा ते तीन, मग मधली सुट्टी, पुन्हा सात ते अकरा, अशी तुटक पाळी. पायांत जड काळे बूट, बसणे नाही. तिसऱ्या दिवशी सुरी कशी धरावी हे त्याच्या हाताला समजले. ते पुस्तकात वाचून त्यास एक वर्ष झाले होते.

उलट, काही गोष्टी कॉलेजाने शिकविल्या नसत्या तर हॉटेलात त्या कधीच कळल्या नसत्या. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानांच्या दरम्यान फार वेळ राहिले, की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम ते गरमच आणि थंड ते थंडच ठेवावयाचे. मुदपाकखान्यात वर्षानुवर्षे काम केलेला आचारी हे करीत असतो, पण का करतो हे त्याला सांगता येईलच असे नाही. आणि ज्या दिवशी घाई असते, त्या दिवशी 'का' ठाऊक नसलेला माणूस नियम मोडतो. खोल्यांच्या खात्यातही तेच. चादरीचा कोपरा कसा दुमडावा हे हात पाहून शिकतो. एका माणसाने एका पाळीत किती खोल्या कराव्यात आणि त्यासाठी किती चादरी धोब्याकडे असाव्यात, हा हिशेब मात्र वर्गातच शिकावा लागतो. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे मिळाले, असे आम्ही समजत होतो.

परंतु नंतरच्या आठवड्यांनी त्या उत्तराला तडा दिला. भाच्याची पाळी ऐन हंगामात आली. गोव्याबाहेरची मंडळी लग्ने लावण्यासाठी आता गोव्यात येतात, हे आपण पाहतोच. मुदपाकखान्यातील चार आठवडे संपले आणि त्यास मेजवान्यांच्या दालनात पाठविले. तेथे तो नऊ आठवडे राहिला. खुर्च्यांना कापडे चढविणे, गोल मेजे गडगडवीत नेणे, ताटल्या उचलणे, पहाटे तीन वाजता दालन रिकामे करणे. मग चार आठवडे खोल्या. सतरा झाले. स्वागतकक्षाच्या मेजापलीकडे तो एक दिवसही उभा राहिला नाही.

शेवटच्या आठवड्यात तो नोंदवही घेऊन आमच्याकडे आला. "मामा, स्वागतकक्षाची पाने कोरी आहेत. साहेब म्हणतात, तूच भरून आण, मी सही करतो. सगळ्यांनी तसेच केले आहे." आम्ही रागावून हॉटेलास पत्र लिहिण्याची भाषा केली. तो म्हणाला, "तुम्ही लिहू नका. मला उद्या तिथेच नोकरी मागायची असेल तर?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या बहिणीने वही मिटली आणि त्याच्यासमोर ठेवली. काय करावयाचे ते तिने सांगितले नाही.

त्याने पाने कोरीच ठेवून कॉलेजात दिली. शिक्षकांनी हॉटेलाशी बोलणे केले, आणि सुट्टीत तीन आठवडे त्याला स्वागतकक्षात घेण्याचे हॉटेलाने मान्य केले, विद्यावेतनाशिवाय. त्या तीन आठवड्यांत रात्रीच्या पाळीवर दिवसभराचा हिशेब कसा मिटवितात ते त्याने पाहिले. परदेशी पाहुणा आला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारी नोंदणी अधिकाऱ्याकडे पोहोचवावी लागते, हेही पाहिले. आणि रिकामी खोली नसताना आरक्षण घेऊन आलेल्या कुटुंबाशी कसे बोलावे हे ऐकले. हे शेवटचे कोणत्या पुस्तकात असेल असे आम्हांस वाटत नाही.

पालकांनी येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा, कारण प्रवेशाच्या धांदलीत तो कोणी सांगत नाही. पदवीतील हे सतरा आठवडे म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग. त्यांत विद्यावेतन मिळेल की नाही, हे हॉटेलाच्या मर्जीवर. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील उमेदवार ही गोष्ट निराळी. तेथे लेखी करार होतो आणि त्याची सरकारदरबारी नोंद होते. स्वयंपाकी, वाढपी, पाव-मिठाई करणारा असे हॉटेलांतील उद्योग त्या कायद्यात येतात. तीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेतलेच पाहिजेत, असे २०१९ च्या नियमांनी ठरविले, आणि किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये केले. कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाची. मात्र उमेदवार हा कामगार नव्हे, असेही तोच कायदा म्हणतो; आणि २०१४ च्या दुरुस्तीने कामाचे तास ठरविणे मालकाकडे गेले. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी मिळेल अशी हमी त्यात नाही. पदवी आणि उमेदवारी यांची गाठ घालून देणारी मार्गदर्शक तत्त्वे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली काढली. त्याआधीच ओबेरॉय समूहाने बारावीनंतरच्या मुलांना हॉटेलात तीन वर्षे शिकवीत मुक्त विद्यापीठाची पर्यटनातील पदवी देण्याची योजना चालविली होती.

जर्मनीत ही गाठ फार पूर्वीच पक्की झाली आहे. १९६९ च्या तेथील कायद्याखाली हॉटेल-व्यवसायाचा उमेदवार तीन वर्षे हॉटेलाशी कराराने बांधलेला असतो, ठराविक दिवस व्यवसायशाळेत जातो, आणि परीक्षा हॉटेल घेत नाही, व्यापारी मंडळ घेते. आमच्या भाच्याच्या वहीवर सही करणारा आणि त्याच्याकडून खुर्च्या उचलून घेणारा माणूस एकच होता, हे आठवले की या व्यवस्थेचा थोडा हेवा वाटतो. जर्मन भाषा शिकून तिकडे जाणारी मराठी मुले आता दिसू लागली आहेत.

मुलींच्या आयांना दोन गोष्टी आधी विचारून ठेवण्यास आम्ही सांगू : रात्रपाळीनंतर घरी सोडण्याची गाडी आहे काय, आणि तक्रार कोणाकडे करावयाची. शाकाहारी घरांसाठी एवढेच, की मांस शिजविणे अभ्यासात येते. अहमदाबाद, भोपाळ व जयपूर येथील संस्थांनी शाकाहारी पर्याय दिला असल्याचे मात्र आमच्या वाचनात आहे.

भाचा आता शेवटच्या सत्रात आहे. मेजवान्यांच्या दालनात त्याने नऊ आठवडे काढले, त्या हॉटेलाकडूनच त्यास नोकरीचे पत्र आले आहे, आणि काम आहे स्वागतकक्षातले. कोऱ्या पानांबद्दल कोणी नाराजी धरलेली दिसत नाही. कदाचित ती कोणाच्या लक्षातही नसतील. पत्राला उत्तर देण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे. विद्यावेतन, रात्रीची गाडी, पाळ्या यांविषयी विचारावयाच्या प्रश्नांची यादी तो करीत बसला आहे, आणि ही यादी त्याने आम्हांस अजून दाखविलेली नाही.