राजेळी केळीला बी का धरत नाही?

वसई-विरारच्या वाड्यांत राजेळी लावताना कोणी बी पेरीत नाही. जुन्या केळीच्या बुडाशी फुटलेला मुनवा काढून तोच लावतात. आगाशीची सुकेळी ज्या फळाची होतात, त्याच्या गरात बी म्हणून दिसतात ते केवळ बारीक काळसर ठिपके. याचे कारण पेशीच्या केंद्रकात शोधावे लागते.

केंद्रक म्हणजे पेशीतील एक अतिसूक्ष्म पिशवी. तीत गुणसूत्रे असतात. राजेळीच्या एका पेशीतील सर्व गुणसूत्रांचे डी.एन.ए. उलगडून टोकास टोक जोडले, तर सुमारे अर्धा मीटर लांबी भरेल. केंद्रकाची रुंदी मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. प्रथिनांच्या गोळ्यांभोवती, रिळावरील दोऱ्याप्रमाणे, सूत्र गुंडाळले गेल्यामुळेच ते तेथे मावते. तरीही हा गुंता नव्हे. प्रत्येक गुणसूत्र बहुधा आपली जागा धरून राहते. पेशी विभागू लागली की सूत्रे आखडून जाड होतात, व तेव्हाच ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात.

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी कवदर ही केळीच्या भावकीतलीच. तिची गुणसूत्रे 18, म्हणजे 9 जोड्या. पराग व बीजांडे तयार होताना प्रत्येक गुणसूत्र जोडीदाराशेजारी येते आणि मग दोहोंकडे सारखी वाटणी होते. म्हणून कवदरीची फळे टणक बियांनी भरलेली असतात. तिला मुनवे फुटत नाहीत. वंश चालतो तो बियांवरच.

राजेळीत गुणसूत्रे 33: 11 प्रकारची, प्रत्येकी तीन. त्यांतील दोन संच एका रानकेळीचे, तिसरा दुसरीचा. लागवडीच्या केळींची याच धर्तीवर वर्गवारी सिमंड्स व शेफर्ड यांनी 1955 साली केली. तिघांत जोडी जमावी कशी? वाटणी विषम होते व बीजांडे बहुतांशी निकामी ठरतात. तथापि संख्या हेच एकमेव कारण समजू नये. सफेद वेलचीत 22 गुणसूत्रे असूनही बी धरत नाही, कारण तिचे दोन संच भिन्न जातींचे असून परस्परांशी नीट जुळत नाहीत. शिवाय फलनावाचून गर धरण्याचा गुण या केळींच्या अंगी आहे. तो नसता तर सुकेळीही नसती.

बागाइतदारांस महत्त्वाची गोष्ट ही की, मुनवा म्हणजे आईचीच प्रत. फरक पडतो तो क्वचितच. एक झाड ज्या रोगास बळी पडते, त्यास सारी वाडी बळी पडू शकते. ग्रो मिशेल जातीचे मध्य अमेरिकेतील मळे पनामा मर रोगाने असेच गेले आणि 1960 च्या सुमारास ती जात निर्यातीच्या व्यापारातून जवळजवळ हद्दपार झाली.

पर्णगुच्छ रोगाचा विषाणूही मुनव्यातूनच नव्या वाडीत शिरतो. म्हणून निरोगी बेटातलेच, तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचे, तीन-चार महिन्यांचे मुनवे घ्यावेत. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला मुनवासुद्धा त्याचे बेट पाहिल्यावाचून लावू नये. पाने शेंड्याशी आखूड, ताठ व गुच्छासारखी दिसली, तर प्रथम मावा मारावा आणि मगच ते बेट कंदासह खणून नष्ट करावे. आधी खणल्यास मावा उठून शेजारच्या केळीवर बसतो.